‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्या वाचकाला काय द्यायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावातल्या ‘ब’ वर्ग ग्रंथालयात तुम्ही तीन महिन्यांपूर्वी रुजू झालात. नऊ हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत, संध्याकाळी देवघेवीला गर्दी होते आणि समोर येणारा दर दुसरा माणूस ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणतो. म्हणून तुम्हाला वयोगटानुसार पुस्तकांची यादी हवी आहे. सोबत तीन वाचकही सांगितलेत: इंग्रजी माध्यमात पाचवीला असलेला मुलगा, ज्याची आई ‘मराठी सुटत चाललंय’ म्हणून त्याला हाताला धरून आणते, ‘सगळं वाचून झालंय’ म्हणणारे निवृत्त मास्तर, आणि ‘प्रेमकथा नको, पण रटाळही नको’ म्हणणारी कॉलेजची मुलगी.

मी सातारा जिल्ह्यात अशाच एका ग्रंथालयात २६ वर्षं देवघेवीला बसते. पहिल्या वर्षी मीही यादी केली होती. पुठ्ठ्यावर चिकटवून टेबलाशेजारी टांगली होती. यादीतली पुस्तकं जायची आणि मुदतीच्या आत परतही यायची. पण शिक्का मारायला उघडलं की एसटीचं तिकीट खूण म्हणून सतराव्या नाहीतर बाविसाव्या पानात तसंच असायचं. पुस्तकं चांगलीच होती, पण ती कोणासाठी आहेत हे मला माहीत नव्हतं. म्हणून तुम्हाला यादी देण्याआधी मी माणसाला काय विचारायचं ते सांगणार आहे. पुस्तकांची नावं ओघात येतीलच.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमच्याकडे मुक्तद्वार पद्धत असेल, म्हणजे वाचक स्वतः कपाटांपर्यंत जात असतील, तर निम्मं काम मांडणी करते. कपाटं कुलूपबंद असतील तर वाचकाला पुस्तक दिसतच नाही, सगळी भिस्त तुमच्या बोलण्यावर. एका कार्डावर एकच पुस्तक देता की दोन, यानेही फार फरक पडतो. शक्य असेल तर कार्यकारी मंडळाकडून दोन मंजूर करून घ्या. एकच न्यायचं असलं की माणूस जोखीम घेत नाही, ओळखीच्या लेखकाकडेच वळतो. दोन असली की दुसरं पुस्तक तुम्ही सुचवलेलं नेतो.

आता मुख्य मुद्दा. ‘तुम्हाला काय आवडतं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर माणसं शाळेतल्यासारखं देतात: ऐतिहासिक, सामाजिक, विनोदी. मी दोन प्रश्न विचारते. शेवटपर्यंत वाचलेलं अलीकडचं पुस्तक कोणतं? आणि अर्धवट सोडलेलं कोणतं, साधारण कुठपर्यंत आल्यावर सोडलं? दुसऱ्या प्रश्नाला लोक आधी संकोचतात, कारण पुस्तक सोडणं हा गुन्हा आहे असं त्यांना वाटतं. मी सोडलेल्या पुस्तकांची नावं त्यांना सांगितली की ती बोलायला लागतात, आणि खरी आवड तिथेच कळते.

एक उदाहरण घेते, कारण ते तुमच्याकडे या आठवड्यातच येईल. ‘मृत्युंजय’. १९६७ पासून या पुस्तकाला वाचक कमी पडलेला नाही, आमच्याकडची तिसरी प्रत आता बांधणीला गेली आहे. समजा तीन वाचक तुम्हाला सांगतात की ‘मृत्युंजय’ फार आवडलं, असंच आणखी द्या. तुम्ही तिघांना ऐतिहासिक-पौराणिक कपाटाकडे पाठवलंत तर दोघं रिकाम्या हाताने परत येतील. ‘त्यातलं काय लक्षात राहिलं?’ एवढंच विचारून बघा. एक म्हणेल, कर्णावर झालेला अन्याय, लायकी असून त्याला नाकारलं ते. त्याला महाभारतच पाहिजे असं नाही. त्याला आनंद यादवांचं ‘झोंबी’ द्या. शाळा शिकायला मिळावी म्हणून कागलचा एक पोरगा घरच्यांशी, गरिबीशी, शेतातल्या कामाशी कसा झगडतो ते त्यात आहे. दुसरा म्हणेल, ती सगळी माणसं खरी कशी असतील याचा विचार डोक्यातून जात नाही. त्याला इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ द्या. कादंबरी नाही, एकेका व्यक्तीवरचे लेख आहेत, हे मात्र देतानाच सांगा, नाहीतर पहिल्या पानावर हिरमोड होतो. तिसरी वाचक म्हणेल, कधी कर्ण बोलतो, कधी कुंती, कधी दुर्योधन, ते सांगणं आवडलं. तिला ‘ययाति’ द्या, तिथेही ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. पुस्तक एकच, आवडण्याची कारणं तीन. हे ओळखायला वय लागत नाही, एक वाक्य ऐकून घ्यावं लागतं.

ज्यांनी काहीच वाचलेलं नसतं त्यांचं काय, हा पुढचा प्रश्न येतो. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका आले. मुलीने कार्ड काढून दिलं होतं. ‘आयुष्यभर स्टिअरिंग धरलं, पुस्तक कधी धरलं नाही, काहीही द्या,’ म्हणाले. वाचलेलं पुस्तक विचारण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, तुमच्या नोकरीतला सगळ्यात अवघड रस्ता कोणता? आंबेनळी घाट, पावसाळ्यातला, असं म्हणून ते दहा मिनिटं बोलत राहिले: धुक्यात काचेला डोकं लावून गाडी कशी काढायची, दरड पडायच्या आधी आवाज कसा येतो, साइडपट्टी कुठे पोकळ असते. मागे चार जण खोळंबले होते, पण मी त्यांना थांबू दिलं. मग उठून प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ आणून दिलं. हिमालयात सीमेकडे जाणारा रस्ता उभ्या कड्यातून काढणाऱ्या तरुण इंजिनिअरची ती कादंबरी आहे. चौथ्या दिवशी काका पुस्तक घेऊन उभे. पहिला प्रश्न, ‘या लेखकाने गाडी चालवलीय का हो?’ नाही, माहितीपट काढायचे, मी सांगितलं. ‘तरीच नीट बघितलंय सगळं,’ म्हणाले.

पुढचं पुस्तक देताना मात्र मी चुकले. रानाचं, अनुभवाचं म्हणून मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ दिलं. ते साठ पानांवर सोडून आले. ‘चांगलं आहे, पण यात कुणाला कुठे पोचायचं नाही,’ म्हणाले. त्या एका वाक्यात मला त्यांची आवड कळली. त्यांना निसर्ग नको होता, माणसाच्या हातातलं अडलेलं काम आणि ते पूर्ण होईल की नाही याची ओढ पाहिजे होती. पुढची सात-आठ वर्षं त्यांना पुस्तक देताना मला फार विचार करावा लागला नाही. चितमपल्ली ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी ते सोन्यासारखे आहेत, हेही लगेच सांगते. म्हणूनच पुस्तक देताना जितकं बोलाल त्यापेक्षा जास्त ते परत घेताना बोला. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘कुठपर्यंत आलात?’ असं विचारा.

मुलांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण वयोगटाच्या यादीचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो. आमच्याकडे पूर्वी नियम होता: बालविभागाच्या कार्डावर बालविभागाचीच पुस्तकं. सहावीतली एक मुलगी मोठ्यांच्या कपाटापाशी उभ्याउभ्या वाचत होती. मी तिला दोनदा परत पाठवलं, नियम सांगितला. तिने बालविभाग अख्खा वाचून काढला होता, हे मी तिच्या कार्डावर बघायला हवं होतं. पाहिलं नाही. ती यायची बंद झाली. ती चूक माझी होती आणि अजून मला ती खुपते. त्यानंतर मंडळापुढे विषय मांडून मी नियम बदलून घेतला: पालकांची एका ओळीची संमती असली की मुलाला कोणतंही कपाट खुलं. तुमच्याकडे तसा नियम असेल तर सगळ्यात आधी तो बदला.

उलट बाजू तुमच्या पाचवीतल्या मुलाची. हा आता प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे. घरी मराठी बोलतो, विनोद कळतात, पण जोडाक्षर आलं की अडखळतो. त्याची समज अकरा वर्षांची आणि मराठी वाचायचा वेग दुसरीतल्या मुलाचा. वयाचं पुस्तक दिलं तर दमतो, वेगाचं दिलं तर ‘हे बाळाचं आहे’ म्हणून अपमान वाटतो. अशा मुलाला मी आधी पुस्तक देत नाही, टेबलाशी बसवून एक मधलं पान मोठ्याने वाचायला सांगते, आईला जरा बाहेर थांबायला सांगून. पानभरात कुठे थांबतो ते बघायचं. एका ओळीत दोन-तीनदा थांबत असेल तर त्याला कथा नको, कविता द्या. विंदा करंदीकरांचं ‘एटू लोकांचा देश’ घ्या. ओळी छोट्या, ताल धरून चालणाऱ्या, आणि कल्पना इतकी मजेशीर की बाळबोध वाटत नाही. तालात वाचलं की पुढचा शब्द आधीच ओठावर येतो, अडखळणं कमी होतं. याच वळणावर माधुरी पुरंदऱ्यांची चित्रांची पुस्तकंही कामाला येतात, त्यातलं घरातलं बोलणं मुलाला ओळखीचं वाटतं.

जरा सरावला की ‘किशोर’चे अंक द्या. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आहे. तीन पानांची गोष्ट, एक कोडं, एक चित्र. एका बैठकीत काहीतरी पूर्ण होतं आणि पूर्ण केल्याचा आनंद त्या मुलाला पाहिजे असतो. त्यानंतर ‘फास्टर फेणे’. भा. रा. भागवतांची वाक्यं पळतात, त्यामुळे वाचणाराही पळतो. पण पहिलं प्रकरण घरी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, आणि नेमकं अडचणीच्या जागी थांबावं. त्या आईला हे तुम्हीच सांगा. आणि आणखी एक सांगा: पुस्तकावरून परीक्षा घ्यायची नाही, ‘यातून काय शिकलास’ विचारायचं नाही. बहुतेक आया-बाप ‘संस्कार होतील असं द्या’ म्हणतात. त्यांचं मन मोडू नका, एक पुस्तक त्यांच्या पसंतीचं आणि एक मुलाच्या पसंतीचं द्या. दोन पुस्तकांची परवानगी इथे उपयोगी पडते.

तेरा ते सतरा या वयाला तोंडावर सुचवलेलं चालत नाही, मोठ्यांनी दिलं म्हणजे नको. त्यांच्यासाठी मी एकच गोष्ट करते. देवघेवीच्या टेबलाला लागून एक छोटी मांडणी ठेवली आहे, तिच्यावर चिठ्ठी आहे: ‘आज परत आलेली पुस्तकं’. शिक्का मारला की पुस्तक लगेच कपाटात न जाता संध्याकाळभर तिथे राहतं. आपल्यासारख्या कुणीतरी नेऊन वाचलेलं पुस्तक उचलायला त्या वयाला बरं वाटतं. नारळीकरांच्या विज्ञानकथांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह वर्षभर कपाटात पडून होता, तो त्या मांडणीवर ठेवल्यापासून जागेवर सापडत नाही.

अभ्यासिकेत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आपण वाचक धरतच नाही, पण ती रोज दहा तास आपल्या छपराखाली असतात. त्यांना कादंबरी देऊ नका, अपराधी वाटतं. ‘माणदेशी माणसे’ द्या. व्यंकटेश माडगूळकरांचं एकेक व्यक्तिचित्र जेवणानंतरच्या वीस मिनिटांत संपतं आणि पुन्हा अभ्यासाला बसता येतं.

ज्येष्ठांच्या बाबतीत आवडीच्याही आधी तीन गोष्टी बघा: अक्षराचा आकार, पुस्तकाचं वजन, बांधणी. आमच्या एक आजी दर आठवड्याला जाडजूड कादंबरी न्यायच्या, ‘स्वामी’ तर त्यांना पाठच होती. हळूहळू त्या न वाचताच परत करायला लागल्या. मला वाटलं, मन लागत नसेल. एकदा पुस्तक त्यांच्या हातात देताना पाहिलं, तर मनगट थरथरत होतं. झोपून वाचायची सवय, आणि सहाशे पानांचं पुठ्ठाबांधणीचं पुस्तक छातीवर पेलवेना. त्यात आमच्या बांधणाऱ्याने शिवण इतकी आत घेतलेली की आतल्या बाजूची अक्षरं दिसायला दोन्ही हातांनी दाबून धरावं लागायचं. तेव्हापासून कमी पानांची, मोठ्या टायपातली, सहज उघडी राहणारी पुस्तकं मी वेगळ्या कप्प्यात ठेवते. सुट्टे दिवाळी अंकही त्यात असतात, कारण अंक हलका असतो. आजींनी पुढची दोन वर्षं त्या कप्प्यातूनच वाचलं.

घरच्या रगाड्यातून वेळ काढून एकाच लेखिकेच्या कौटुंबिक कादंबऱ्या ओळीने नेणाऱ्या बायका तुमच्याकडे येत असतील. त्यांची ‘रुची सुधारायला’ जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. त्या आपल्या सगळ्यात नियमित वाचक आहेत, वर्गणी कधी थकवत नाहीत. त्यांना आधी त्यांचंच पुढचं पुस्तक शोधून द्या. विश्वास बसला की एखादी स्वतःहून विचारते, ‘तुम्ही काय वाचता?’ तेव्हा मी ‘पडघवली’ किंवा ‘स्मृतिचित्रे’ पुढे करते. लक्ष्मीबाई टिळक घरातलंच बोलतात, त्यामुळे पुस्तक जुनं आहे हे दोन पानांत विसरायला होतं.

आता तुमच्या मनातली भीती: मी स्वतः इतकं वाचलेलं नाही, मग सुचवू कशी? नऊ हजार पुस्तकं कुणीच वाचलेली नसतात. नवी खरेदी दाखल करताना मी प्रत्येक पुस्तकाची पहिली वीस पानं वाचते. कोण बोलतंय, गोष्ट किती वेगाने चालते, अक्षर केवढं आहे एवढं त्यात कळतं. बाकीचं वाचक सांगतात. त्यासाठी दोनशे पानी वही करा, सभासद क्रमांकाला एक पान. ‘रारंग ढांग – चार दिवस. चकवाचांदण – ६० पानं, फार हळू.’ एवढंच टिपायचं. ही वही कुणाला दाखवायची नाही, कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक हे दोन आपण अभ्यासक्रमात पाठ करतो. ही वही म्हणजे तेच काम आहे, रोज पाच मिनिटांचं. पुस्तकामागची तारखेची चिठ्ठीही वाचायला शिका. एकाच पुस्तकावर दोन-दोन दिवसांत परतीचे शिक्के दिसले की समजा, ते चुकीच्या माणसांकडे जातं आहे. रद्दीला काढायच्या आधी त्याला वेगळा वाचक शोधा.

निवृत्त मास्तरांना ‘सगळं वाचून झालंय’ म्हणू द्या, वाद घालू नका. बहुतेकदा त्याचा अर्थ, ‘मला विचारणारं कुणी नाही,’ असा असतो. त्यांना सांगा, ‘नवीन खरेदीतली ही दोन आहेत, मला वेळ झाला नाही, वाचून कुणाला द्यावीत ते सांगाल का?’ आणि त्यांनी सांगितलेलं खरोखर वहीत लिहा, त्याप्रमाणे द्या. आमच्याकडचे असे एक मास्तर अकरा वर्षं माझे सल्लागार होते. मी स्वतः वीस पानं वाचून जे ठरवायचे त्यापेक्षा त्यांचं मत जास्त वेळा बरोबर निघायचं.

कॉलेजच्या मुलीला एकच पुस्तक पुढे करू नका. तीन टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाबद्दल एकेक वाक्य सांगा. मी असते तर ‘बनगरवाडी’ ठेवलं असतं: धनगरांच्या वाडीत नवखा तरुण मास्तर येतो, पुस्तक एका रात्रीत संपेल एवढं. दुसरं कृष्णमेघ कुंट्यांचं ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’, मुदुमलाईच्या जंगलात राहिलेल्या, तिच्याच वयाच्या मुलाचे अनुभव. तिसरं ‘रारंग ढांग’. तिन्हीत तरुण माणूस घरापासून लांब जाऊन काहीतरी करू बघतो. त्या वयाला हा विषय प्रेमाइतकाच जवळचा असतो. ती कोणतं उचलते ते बघा, आणि न उचललेली दोन कोणती तेही वहीत टिपा. नाही आवडलं तर उद्याच परत आण, असं तिला आवर्जून सांगा.

पाचवीतल्या मुलाचं पुढे काय होतं ते मात्र मला नक्की कळवा. आमच्याकडे सध्या तशी अकरा मुलं आहेत, आणि त्यांतल्या चौघांसाठी मी अजून पुस्तक शोधते आहे.